बुद्ध्यांक चाचणी: करून घ्यावी का, आणि करून पुढे काय?

हेमंती

मुलगा नऊ वर्षांचा आहे. बोलायला लागला की समोरच्याला गप्प करतो. ग्रह, मुंग्यांची वारुळं, जुनी जहाजं, काहीही विचारा. वहीत मात्र दोन ओळी लिहायच्या म्हटलं की अर्धा तास जातो आणि शेवटी पेन्सिलीला टोक काढणं एवढंच झालेलं असतं. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी 'एकदा बुद्ध्यांक चाचणी करून घ्या' असं सुचवलंय.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, करू या, निदान कळेल तरी. सासरे म्हणतात, पोराच्या कपाळावर आकडा कशाला गोंदवून घ्यायचा. मला दोघांचंही पटतं, हीच खरी अडचण.

चाचणीत नेमकं काय मोजतात? तो आकडा जन्मभर तोच राहतो का? कमी आला तर काय करायचं, आणि जास्त आला तर तरी काय करायचं? ज्यांनी मुलांची करून घेतलीय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी जरूर लिहा. 'मुलांना मुक्तपणे वाढू द्या' एवढ्या एका ओळीचे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरी भरपूर मिळतात.

तिरकस

मी नेटवर दिली होती. वीस प्रश्न, दहा मिनिटं, बुद्ध्यांक १४८. मग प्रमाणपत्र हवं असेल तर पैसे भरा म्हणाले. मी भरले नाहीत. त्यावरून १४८ बरोबर असावा असं वाटतं.

अर्धाचंद्र

हसून हसून पुरेवाट. भरणाऱ्यांचे आपोआप चाळीस कापत असतील.

सांख्यिक

नेटवरच्या चाचण्या सोडून द्या, त्यांचा इथे संबंध नाही. हेमंतीताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबेल.

आधीचा हिशोब असा होता: मुलाचं 'मानसिक वय' काढायचं आणि खऱ्या वयाने भागायचं. ही कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्नने १९१२ मध्ये मांडली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टर्मनने १९१६ च्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीत त्याला १०० ने गुणून 'आयक्यू' रूढ केला. मुलांपुरतं हे चालून जायचं. मोठ्यांच्या बाबतीत पंचाईत. चाळिशीच्या माणसाचं मानसिक वय ऐंशी, म्हणजे काय? गुडघे दुखतात असं?

त्यामुळे वेक्सलरने १९३९ पासून भागाकारच सोडला. त्याच वयाच्या लोकांमध्ये तुम्ही कुठे बसता, एवढंच आता सांगतात. सरासरी १०० धरायची, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५. साधारण ६८ टक्के लोक ८५ ते ११५ मध्ये येतात, आणि ७० च्या खाली किंवा १३० च्या वर प्रत्येकी दोन-सव्वादोन टक्के. तेव्हा हा आकडा म्हणजे रांगेतली जागा आहे. १२० वाला १०० वाल्यापेक्षा 'वीस टक्के जास्त हुशार' वगैरे काही नसतो, कारण या मोजपट्टीला शून्यच नाही.

आणखी एक. चांगल्या अहवालात नुसता १०३ लिहीत नाहीत. 'बहुधा ९७ ते १०८ च्या दरम्यान' असा पट्टा देतात. पट्टा दिला नसेल तर मागून घ्या.

कावेरीकाठ

उत्तम माहिती. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

बालमानस

मी या चाचण्या घेते, म्हणून खोलीत काय होतं ते सांगते. प्रश्न उघड करता येत नाहीत, पण स्वरूप सांगायला हरकत नाही.

मुलांच्या चाचणीत बरेच छोटे भाग असतात. शब्दांचे अर्थ, चित्रांतला क्रम, ऐकलेले आकडे उलट म्हणणं, खुणा भराभर नकलून काढणं. एका भागात लाल-पांढरे ठोकळे जुळवून समोरच्या चित्रासारखी नक्षी करायची असते. हातात घड्याळ धरलेलं असतं, लवकर केलं तर जास्त गुण. एका मुलीने प्रत्येक नक्षी बिनचूक केली, पण दर वेळी झाल्यावर बोटाने चारही कडा सरळ रेषेत आणायची आणि मगच 'झालं' म्हणायची. घड्याळाच्या हिशोबात ती मागे पडली. गुणांच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही, निरीक्षणात दिसतं. म्हणून अहवालातला आकड्यांचा तक्ता एक पान आणि निरीक्षणं तीन पानं असतील तर समजा काम नीट झालंय.

हेमंतीताई, तुमच्या वर्णनावरून निदान करणार नाही. पण बोलण्यात पुढे आणि लिहिण्यात अडकलेलं मूल चाचणीला येतं, तेव्हा बऱ्याचदा शाब्दिक आकलन वरच्या टोकाला आणि प्रक्रियेचा वेग खालच्या टोकाला असतो. अशा वेळी दोन्हींची सरासरी काढून आलेला एकूण बुद्ध्यांक त्या मुलाबद्दल फारसं काही सांगत नाही. उपयोग असतो तो त्या दोन टोकांमधल्या अंतराचा. त्यावरून पुढे लेखनाची वेगळी तपासणी करायची का, परीक्षेत जादा वेळ मागायचा का, हे ठरतं.

आणि हो, आधी डोळे आणि कान तपासून घ्या. चष्मा दप्तरात ठेवून चाचणीला बसलेली मुलं मी पाहिलीत.

मास्तर_निवृत्त

हेमंती, तुझ्या सासऱ्यांच्या बाजूने कुणी बोललं नाही म्हणून बोलतो.

या चाचण्यांचा इतिहास वाचा. पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने सुमारे साडेसतरा लाख रंगरूटांची चाचणी घेतली. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची वेगळी चाचणी होती: चित्रात काय कमी आहे ते ओळखा. एका चित्रात टेनिसच्या मैदानावर जाळी नव्हती, दुसऱ्यात फोनोग्राफचा कर्णा नव्हता. काल बोटीतून उतरलेल्या शेतमजुराने आयुष्यात टेनिसचं मैदान पाहिलेलं असायचं कारण काय? आणि निष्कर्ष काय, तर गोऱ्या अमेरिकन रंगरूटाचं सरासरी मानसिक वय १३! त्याच आकड्यांवर कार्ल ब्रिगमने १९२३ मध्ये पुस्तक लिहून कोणत्या वंशाचे लोक कमअस्सल ते 'सिद्ध' केलं. १९३० मध्ये त्यानेच आपले निष्कर्ष मागे घेतले, पण तोवर १९२४ चा स्थलांतरितांना अडवणारा कायदा होऊन गेला होता.

१९२७ मध्ये कॅरी बक नावाच्या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. 'मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या' असं न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं. तिची मुलगी पुढे शाळेत चांगले गुण मिळवत होती.

हे सगळं करणारे लोक अडाणी नव्हते. त्यांच्याकडेही तक्ते आणि मोजपट्ट्या होत्या.

प्राजक्तफूल

+१. अंगावर काटा आला.

सांख्यिक

मास्तर, तुमची एकही घटना खोडून काढणार नाही, सगळ्या घडल्यात. पण सुरुवात कुठून झाली तेही सांगा की. १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने समिती नेमली. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांपैकी कुणाला खास मदत लागेल हे ओळखायचं होतं. तोवर ते शिक्षकांच्या मतावर चालायचं, आणि खोडकर पोराला 'मंद' ठरवून बाहेर काढणं सोपं होतं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची श्रेणी तयार केली ती यासाठी. बुद्धी म्हणजे न बदलणारी ठरावीक मात्रा आहे, या समजाला बिनेने 'क्रूर निराशावाद' म्हटलंय, तेही १९०९ मध्ये. १९११ मध्ये तो गेला. पुढच्या उद्योगांचं खापर त्याच्यावर कशाला?

चाचणी काढून टाकली तर तिच्या जागी काय येतं, हा माझा प्रश्न आहे. मुलाखत? शिफारस? मास्तरांचं मत? (हलके घ्या.) त्यांत पूर्वग्रह कमी असतो असं मला वाटत नाही.

मास्तर_निवृत्त

घेतलं हलकेच. पण शिक्षक चुकला तर पालक येऊन भांडतात, मी चुकलो तेव्हा माझ्याशी भांडलेत. छापील आकड्याशी कोण भांडणार?

शांत_सागर

मी सहसा नुसता वाचतो, आज लिहितो.

माझ्या धाकट्या भावाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. हे कळायला फार उशीर झाला. तोवर तो 'हट्टी', 'आळशी', 'लाडावलेला' होता. दर वर्षी नापास, दर वर्षी मार. चाचणी झाली, अहवाल आला आणि त्या दिवसापासून घरातला मार बंद झाला. वडील तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसले होते. आकड्याने भावाच्या कपाळावर काही गोंदवलं नाही, गोंदवलेलं होतं ते पुसलं.

त्याचा आकडा ६० च्या आसपास होता म्हणून शंका उरली नाही. पण ७० च्या रेषेवरच्या मुलांचे हाल मी पुढे विशेष शाळेत पाहिले. एकाचा ७२ आला म्हणून कसलीच सवलत नाही, दुसऱ्याचा ६९ म्हणून सगळ्या. दोघांच्या आया एका बाकावर शेजारी बसायच्या. चहाचा डबासुद्धा एकच. मुलांमध्ये फरक मला कधी दिसला नाही.

न्यायनिवाडा

शांत_सागर, प्रतिसाद आवडला. तुमच्या ७० च्या रेषेवरून एक खटला आठवला, अवांतर नाही.

बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला फाशी देता येणार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ॲटकिन्स खटल्यात ठरवलं. फ्लोरिडा राज्याने मग नियम लावला की बुद्ध्यांक ७० किंवा खाली असेल तरच बाकीचा पुरावा ऐकू. फ्रेडी ली हॉल या कैद्याचा आला ७१. २०१४ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी तो नियम रद्द केला. मुद्दा वर सांख्यिक यांनी सांगितला तोच: चाचणीत अंगभूत चूक असते, आकडा हा पट्टा आहे, आणि माणूस रोजच्या जगण्यात किती निभावतो तेही बघावं लागतं. सांख्यिकीतल्या एका तळटीपेवर माणसाचा जीव अडकला होता.

बालमानस

निदानाच्या नियमांतही हा बदल झालाय. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमपुस्तिका) पासून बौद्धिक दिव्यांगत्वाची तीव्रता ठरवताना बुद्ध्यांकाच्या आकड्यावर भिस्त ठेवत नाहीत. स्वतःचे कपडे, पैसे, रस्ता ओलांडणं, ओळखीच्या-अनोळखी माणसाशी बोलणं, असं जगण्यातलं कौशल्य बघतात. चाचणी लागते, पण एकटी पुरत नाही.

भटकी_वाट

एक मजेशीर उदाहरण. लायबेरियातल्या क्पेले शेतकऱ्यांना संशोधकांनी वस्तू दिल्या: काही खाण्याच्या, काही अवजारं, काही भांडी. म्हणाले, एकत्र जातील त्या एकत्र ठेवा. शेतकऱ्यांनी बटाट्याजवळ सुरी ठेवली. का? बटाटा सुरीने कापतात. चाचणीच्या दृष्टीने हे खालच्या पायरीचं उत्तर, कारण 'अन्न' आणि 'अवजार' असे गट अपेक्षित होते. शहाणा माणूस असंच लावतो, यावर ते ठाम. शेवटी संशोधकाने कंटाळून विचारलं, बरं, मूर्ख माणूस कसं लावेल? त्यांनी झटक्यात लावून दाखवलं: अन्न एकीकडे, अवजारं एकीकडे.

१९३१-३२ मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ लुरियाला मध्य आशियात असंच दिसलं होतं. करवत, कुऱ्हाड, हातोडा, ओंडका यांतलं वेगळं काय? शेतकरी म्हणायचे, ओंडका कसा काढणार, मग करवतीचं करायचं काय?

तिरकस

'मूर्ख माणूस कसं लावेल' असं आमच्याकडे विचारलं की बायको आधी माझ्याकडे बघते.

अर्धाचंद्र

तुमचा १४८ तिला सांगितला नाहीत का?

तिरकस

सांगितला. म्हणाली, उरलेले हप्त्याने येणार का?

गोगलगाय

मुळात बुद्धी एक नसतेच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गार्डनरने १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्ता मांडल्या: संगीताची, शरीराची, माणसं ओळखण्याची. नाचणाऱ्या मुलीला ठोकळे जुळवायला लावून कसलं माप घेता?

सांख्यिक

ऐकायला छान आहे, शाळांना तर फारच आवडतं, पण पुरावा तोकडा आहे. इंग्रज मानसशास्त्रज्ञ स्पिअरमनने १९०४ मध्ये दाखवलं ते आजवर पुन्हा पुन्हा दिसलंय: वेगवेगळ्या बौद्धिक कामांतले गुण एकमेकांबरोबर वरखाली होतात. शब्दांत पुढे असलेला सरासरीने कोड्यांतही थोडा पुढे असतो. असं का, यावर भांडण आहे. असं होतं, यावर नाही. नाच ही थोर कला आहे, तिला मान द्यायला 'बुद्धी' म्हणायची गरज का पडावी?

गोगलगाय

आणि 'बुद्धी' हा किताब फक्त ठोकळेवाल्यांनाच का, हे कोणी ठरवलं? असो. तुमचं-माझं जमायचं नाही.

सांख्यिक

जमत नाही म्हणूनच धागा चाललाय की. :)

हेमंतीताईंचा दुसरा प्रश्न मागे पडला: आकडा बदलतो का. इथे दोन्ही बाजूंना थोडं थोडं मिळेल.

१ जून १९३२ ला स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाची एकच चाचणी एकाच दिवशी घेतली, सुमारे साडेसत्याऐंशी हजार मुलं. पुढे इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या हयात असलेल्यांना शोधून ऐंशीच्या आसपास वय असताना तीच चाचणी पुन्हा दिली. अकराव्या वर्षीच्या आणि ऐंशीतल्या गुणांचा सहसंबंध ०.६६ च्या आसपास निघाला. मधे महायुद्ध, संसार, आजारपणं, सगळं होऊन गेलेलं. पाऊण तासाच्या कागदी चाचणीसाठी हे थक्क करणारं आहे.

पण १ म्हणजे तंतोतंत, आणि ०.६६ मध्ये बऱ्याच लोकांना वर-खाली सरकायला भरपूर जागा असते. शिवाय बुद्ध्यांक शिक्षणाने वाढतो. २०१८ मध्ये रिची आणि टकर-ड्रॉब यांनी सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून दाखवलं की शिक्षणाच्या दर वर्षामागे अंदाजे १ ते ५ गुणांची भर पडते. लहानपणी आयोडीन कमी पडलं किंवा शरीरात शिसं गेलं, तर घटतो. नऊ वर्षांच्या मुलाचा आकडा म्हणजे हवेवर लिहिलेलं नव्हे आणि दगडावर कोरलेलंही नव्हे.

प्राजक्तफूल

मग पूर्वीपेक्षा आता सगळे हुशार झालेत का? आजीपेक्षा मी हुशार, हे मला पटत नाही.

बालमानस

हा फ्लिन परिणाम. जेम्स फ्लिनने १९८४ आणि १९८७ मध्ये दाखवून दिलं की विसाव्या शतकात गुण दर दशकाला साधारण ३ ने वाढत गेले. अमूर्त कोड्यांत वाढ जास्त, शब्दसंग्रह आणि अंकगणितात कमी. आजीला कोडी कमी जमली असती, हिशोब तुमच्यापेक्षा बरा जमला असता. नॉर्वेत १९७५ नंतर जन्मलेल्या मुलांमध्ये हा चढ उलटलाय, आणि एकाच घरातल्या भावाभावांतही फरक दिसतो. म्हणजे कारण रक्तात नाही, परिस्थितीत आहे.

पालकांसाठी यात एक कामाची गोष्ट: चाचणीची प्रमाणकं (ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करतात ते तक्ते) कधीची आहेत ते विचारा. बिने-कामत चाचणी (बिनेच्या चाचणीचं भारतीय रूप) मूळ १९३० च्या दशकातली. जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलाला तोललं तर आकडा फुगतो, पालक खूश होतात आणि ज्याला मदत हवी ते मूल रेषेच्या वर निघून जातं.

मनुष्यबळी

भरतीत काम करतो. कंपन्या या चाचण्या का घेतात, तर १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी चाचणीतल्या गुणांचा नोकरीतल्या कामगिरीशी ०.५१ एवढा संबंध दाखवला होता. आम्ही सगळे तो आकडा वर्षानुवर्षं सादरीकरणांत चिकटवत आलो. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी फेरहिशोब केला, तो उतरला ०.३१ वर. निरुपयोगी नाही, पण नियमबद्ध मुलाखत त्यापेक्षा सरस निघाली. वरिष्ठांना सांगितलं तर म्हणाले, जुनाच आकडा ठेवा, स्लाइड छान दिसते.

तिरकस

टर्मनने १९२१ पासून कॅलिफोर्नियात पंधराशेच्या आसपास 'अतिहुशार' मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा माग घेतला. चाचणीत कमी पडले म्हणून त्यात न घेतलेले दोघं, शॉकली आणि अल्व्हारेझ, यांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही. आता बोला.

सांख्यिक

बोलतो. नोबेल इतकं दुर्मीळ आहे की पंधराशेत शून्य येणं यात नवल नाही. त्या मुलांतले पुष्कळ जण प्राध्यापक, डॉक्टर, वकील झाले. पण चाचणी 'प्रतिभा' ओळखते असा दावा कुणी करत असेल तर तुमचं उदाहरण त्याच्या तोंडावर मारा, मी बरोबर येतो.

हेमंती

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. धागा छापून सासऱ्यांना दिला. मास्तरांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला, शांत_सागर यांचा वाचून काही बोलले नाहीत.

मी समुपदेशक बाईंना सरळ विचारलं, तुम्हाला या चाचणीतून कळून काय घ्यायचंय? त्यांचा प्रश्न हुशारीचा नव्हताच. लेखनात अडचण आहे का आणि त्यासाठी वर्गात काय बदलायचं, हे त्यांना हवंय. हे आधी सांगितलं असतं तर घरात दोन तट पडले नसते. चाचणी करतोय, लेखनाच्या तपासणीसकट. फक्त एकूण आकडा मुलाला सांगायचा नाही, आणि नातेवाइकांना तर नाहीच, असं ठरलंय.

दोन शंका उरल्यात. आधी सराव करून घ्यायचा का? आणि त्याला काय सांगून न्यायचं?

बालमानस

सराव अजिबात नको. सरावाने गुण वाढतात, पण ते त्याचे नसतात, आणि अडचण असेल तर ती झाकली जाते. याच कारणाने तीच चाचणी लागोपाठ पुन्हा घेत नाहीत. 'परीक्षा' म्हणू नका, 'गंमत' असंही म्हणू नका, कंटाळवाणे भाग येतात आणि मुलांना फसवल्यासारखं वाटतं. 'तुला कसं शिकवलं तर सोपं जाईल ते बघणार आहेत, काही प्रश्न सोपे असतील, काही कुणालाच येणार नाहीत इतके अवघड' असं सांगा. हे खरंच तसं असतं, बरेच भाग मूल अडेपर्यंत चालू ठेवतात. रात्रीची झोप पुरी झालेली असू दे, सर्दी-ताप असेल तर तारीख बदला.

सांख्यिक

आणि उपभागांचे वेगवेगळे गुण लेखी मागा. तोंडी 'सरासरीच्या वर आहे हो' यावर उठून येऊ नका.

कावेरीकाठ

एक विचारू का? चाचणी कुठल्या भाषेत घ्यायची? माझी भाची घरी एक भाषा बोलते आणि शाळेत दुसरी.

बालमानस

मूल ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत. तशी प्रमाणित चाचणी मिळाली नाही तर शाब्दिक भागाचे गुण जपून वाचायचे, आणि शब्दांवर न विसंबणारी रेव्हनच्या आकृत्यांसारखी चाचणी जोडीला घ्यायची. पण परीक्षकाने ऐन वेळी मनाने भाषांतर करून प्रश्न विचारणं चालणार नाही. शब्द बदलला की त्याची अवघडता बदलते, आणि मग तक्त्यातली प्रमाणकं लागू होत नाहीत. भाचीच्या परीक्षकांना हे आधीच विचारून ठेवा, तिथे गेल्यावर नको.